भात कापताना बांधात कोरीव दगड सापडला, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोराईला खाडीपलीकडे घरची भातशेती आहे. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले. ढासळलेला बांध सारखा करताना एक लांबट दगड उलटला. पालथ्या बाजूवर चंद्र-सूर्य, मधे पुसट अक्षरं आणि तळाशी बाई व गाढव. आजी म्हणतात, "होता तिथे पुरून टाका." काकांना तो गावदेवीच्या देवळाशी उभा करायचाय. धाकट्या भावाला सरकार जमीन घेईल अशी धास्ती आहे, आणि एक गृहस्थ रोख पैसे द्यायला तयार आहेत.

मी उत्तर कोकणातले कोरीव दगड आणि शिलालेख नोंदवण्याचं काम करतो. तुमच्या फोटोवरून सांगतो, हा गधेगळ आहे. चौघांपैकी कोणाचंच तूर्त ऐकू नका. दगड आहे तिथेच राहू द्या. तो कोणत्या शेतात, कोणत्या बांधात, कोणत्या बाजूला तोंड करून होता यावर त्याचं निम्मं मोल आहे. नुसता दगड कुठल्याही संग्रहालयात पाहायला मिळतो. पण "अमुक शेताच्या अमुक बांधातला" ही माहिती एकदा हरवली की कोणत्याही विद्वानाला ती परत आणता येत नाही.

गधेगळ म्हणजे जमिनीच्या किंवा उत्पन्नाच्या दानाचा दगडी कागद. आजच्या भाषेत त्याला सातबारा म्हणा, फक्त याच्यावर शिवीही कोरलेली असते. वर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं. दोघांच्या मधे बऱ्याचदा कलश असतो. त्याखाली मजकूर: राजा कोण, अधिकारी कोण, कोणी कोणाला काय दिलं. आणि तळाला ते चित्र, जे पाहून तुमच्या घरात सगळ्यांनी माना फिरवल्या असतील. दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढव चढेल, असा तो शाप. ज्याला अक्षरं वाचता येत नव्हती त्यालाही तो कळावा म्हणून चित्रात काढलेला.

मुंबईकरांना हे कोकणातल्या आडगावचं प्रकरण वाटतं, पण यातला एक महत्त्वाचा लेख थेट परळचा आहे. शके 1109 चा, म्हणजे इसवी सन 1187 चा. शिलाहार राजा अपरादित्यानं साष्टीतल्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगर-ठाण्याच्या बेटावरल्या, एका वाडीच्या उत्पन्नातले द्रम्म (तेव्हाची नाणी) वैद्यनाथाच्या पूजेसाठी लावून दिले, त्याचा. मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटचा शाप तेवढा मराठीत. मला ते नेहमीच फार व्यवहारी वाटत आलंय. राजाची बिरुदं कळली नाहीत तरी चालेल, पण शेताचा बांध रेटणाऱ्याला शिवी त्याच्या भाषेतच कळायला हवी.

तुमचा दगडही शिलाहारांचाच असेल असं मात्र धरून चालू नका. शिलाहारांचं उत्तर कोकणातलं राज्य 1265 च्या सुमारास संपलं, शेवटचा सोमेश्वर यादव महादेवाशी समुद्रावर लढताना गेला. बोरिवलीच्या एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, त्याच लढाईचे असावेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. एक्सर तुमच्यापासून खाडी ओलांडली की आलंच. पण राज्यं बदलली तरी गाढव टिकलं. अलिबागजवळच्या नागावचा राजा हंबीररावाच्या वेळचा लेख शके 1289 चा, म्हणजे 1367 चा आहे, आणि पुढेही हे दगड कोरले जात राहिले. काळ अक्षरांच्या वळणावरून आणि शकाच्या आकड्यावरून ठरतो. फोटोत तुमच्या दगडाच्या पहिल्या ओळीत "स्वस्ति" असावंसं वाटतं, पण एवढ्या अंधूक फोटोवरून मी काही लिहून देणार नाही.

काही गधेगळांवर अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं. त्यामुळे मजकूर झिजून गेलेला निघाला तर नाराज होऊ नका. तो दगड तिथे होता हीसुद्धा माहितीच आहे.

आता जागेबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. भांडुपचा शके 948 चा, म्हणजे 1026 सालचा शिलाहार राजा छित्तराजाचा ताम्रपट घ्या. त्यात साष्टीतल्या एका गावातलं शेत दान दिलंय आणि त्या शेताच्या चारी सीमा सांगितल्या आहेत. पूर्वेला काय, दक्षिणेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय. हजार वर्षांपूर्वीचा हा चतुःसीमेचा मजकूर तुमच्या खरेदीखताशी ताडून पाहा, धाटणी तीच. पण ताम्रपट हलका. तो पेटीत जातो, गावोगाव फिरतो, कुठेही पुरला जातो. ठाण्याला 1787 साली किल्ल्यात पायाचं खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा 1017 चा ताम्रपट निघाला, पण त्यात दिलेली गावं त्या किल्ल्यात नव्हती. गधेगळाचं तसं नाही. तीन फूट उंच, फूटभर रुंद आणि पाऊण फूट जाड काळा दगड पावणेदोनशे-दोनशे किलोच्या घरात जातो. उगाच कोणी तो लांब नेत नाही. म्हणून तो साधारणपणे दान दिलेल्या जमिनीच्या आसपासच सापडतो आणि आपल्याला नकाशावर बोट ठेवता येतं.

पण "आसपास" आणि "तिथेच" यात फरक आहे, आणि तो तुम्हालाच आधी तपासता येईल. दगड पालथा होता, म्हणजे बहुधा कोणीतरी कधीतरी बांधाला चांगली सपाट शिळा म्हणून वापरला. तळाकडचा भाग पाहा. मूळचा उभा गधेगळ असेल तर खालचा तिसरा-चौथा हिस्सा ओबडधोबड सोडलेला असतो, कारण तो जमिनीत गाडायचा असतो. पाठीवर चुन्याचे डाग आहेत का? कडेला खाच पाडलीय का? असेल तर मधल्या काळात तो घराच्या उंबऱ्याला किंवा विहिरीच्या काठाला लागला होता असं समजायचं. साष्टीत पोर्तुगीज 1534 पासून होते, मराठ्यांनी 1737 ते 1739 मधे वसईसकट हा मुलूख घेतला. या सगळ्या उलथापालथीत जुनी देवळं मोडली, त्यांचे दगड नव्या बांधकामांत गेले. तुमच्या भागात जुन्या भिंतीत पिवळसर मालाड दगड आणि त्यात मधेच एखादा काळा कोरीव तुकडा दिसला तर त्यात नवल नाही.

दगड उलटला आहेच, तर आता तो पुन्हा पालथा घालू नका. तो आधी जिथे पडला होता त्या जागेच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका आणि डोकं कोणत्या दिशेला होतं ते मोबाईलच्या होकायंत्रावर बघून लिहून ठेवा. दगडाखालची माती तशीच राहू द्या. त्यात खापराचे तुकडे असतील तर ते जागेवरच ठेवून फोटो काढा. निळसर-हिरवट काचेसारखा मुलामा असलेला तुकडा दिसला तर मला नक्की कळवा. अशी भांडी अरबस्तान-इराणच्या बाजूने येत आणि कोकण किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन बंदरांत ती सापडतात.

मात्र खणायचं नाही. एक हातसुद्धा नाही. गधेगळाखाली हंडा असतो हा समज कोकणात घट्ट बसलेला आहे आणि त्यापायी कित्येक चांगले दगड रात्री उपटून फोडले गेलेत. दगडाखाली धन पुरायची पद्धत नव्हती. दान जमिनीचं होतं, सोन्याचं नाही. "गुप्तधन दाखवतो" म्हणत कोणी मांत्रिक आला तर त्याला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा ऐकवा. गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं त्यात गुन्हा आहेत.

साफसफाईबद्दल जरा जास्त सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान प्रेमानंच होतं. तुमची जमीन खाडीलगतची, म्हणजे खारी. वर्षानुवर्षं ओल्या मातीत राहिलेल्या दगडात मीठ मुरलेलं असतं. तो एकदम कडक उन्हात वाळला की मीठ पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतं आणि वरचा पापुद्रा सुटतो. त्या पापुद्र्यावरच अक्षरं असतात. म्हणून दगडावर ओलं गोणपाट टाका, वर सावली करा, आठवडाभर हळूहळू वाळू द्या. माती नरम ब्रशनं आणि साध्या गोड्या पाण्यानं काढायची. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, भांड्याचा साबण नको. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, हळद, पीठ किंवा तेल भरू नका. खडूनं आपण आपल्या मनातलं अक्षर गिरवतो आणि पुढे वाचणारा तेच वाचतो.

अक्षरं दिसायला युक्ती एकच, तिरपा उजेड. भर दुपारी काढलेले फोटो उपयोगाचे नाहीत. तुमचे तसलेच आहेत. सकाळी उन्हं कोवळी असताना काढा, किंवा रात्री अंधारात एकानं बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून कडेनं धरावी आणि दुसऱ्यानं समोरून फोटो घ्यावा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. उजेडाची बाजू बदलली की न दिसणारी मात्रा अचानक दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवा. शेवटी दगडाभोवती गोल फिरत, एकावर एक चढतील असे भरपूर फोटो काढा. त्यातून संगणकावर दगडाची त्रिमिती प्रतिकृती करता येते आणि बऱ्याच वेळा ती ठशापेक्षा चांगली वाचता येते. ओला कागद बसवून शाईचा ठसा घेणं हे मात्र सरावाचं काम आहे, ते घरी करून पाहू नका.

भावाची भीती सगळ्यांनाच असते. शेतात एक सुटा दगड सापडला म्हणून जमीन संरक्षित होत नाही. स्मारक संरक्षित करायचं तर सरकारला अधिसूचना काढावी लागते. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात त्याआधी हरकतींसाठी दोन महिन्यांची नोटीस आहे. लोक ज्याला घाबरतात ते शंभर मीटरचं प्रतिबंधित आणि त्यापुढचं दोनशे मीटरचं नियंत्रित क्षेत्र 2010 च्या दुरुस्तीतलं आहे, आणि ते राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांभोवती लागू होतं. तुमच्या वाफ्यातल्या दगडाभोवती नाही. गोराईत जमिनीवर टांगलेल्या तलवारी कमी नाहीत, पण ही त्यातली नव्हे.

कळवावं मात्र लागेलच. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असं तो सांगतो. दहा रुपये हा आकडा तेव्हापासून कोणी बदललेला नाही. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारनं वस्तू घ्यायची ठरवली तर ती ज्या मालाची आहे त्याची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा मिळतो. सोन्याच्या नाण्यांना हे ठीक, काळ्या दगडाला खडीचा भाव समजा. तेव्हा पैशांची आशा ठेवू नका, पण अर्ज द्या.

अर्ज वांद्र्याला, मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. प्रत बोरिवली तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, त्यांचं कार्यालय फोर्टात सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे. तलाठ्यांनाही सांगा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. अर्जात सापडल्याची तारीख, गट किंवा सर्व्हे नंबर, मापं, वर्णन आणि चारच चांगले फोटो. "अमूल्य", "प्राचीन", "शिवकालीन" असले शब्द घालू नका. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली स्थळप्रत घरी जपून ठेवा. उद्या दगड चोरीला गेला किंवा कोणी तुमच्यावर बोट दाखवलं तर हाच कागद कामाला येतो.

ते रोख पैसे देणारे गृहस्थ. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प ही पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यांना बांधावरसुद्धा येऊ देऊ नका. आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेत तेवढे पुरेत. जागेच्या खुणेसकट पुढे पाठवू नका. अशा दगडांच्या मागावर असणारी माणसं आहेत आणि त्यांच्याकडे टेम्पोही असतो.

काकांचं म्हणणं मनापासून आहे, मला ते समजतं. कोकणात कितीतरी गधेगळ देवळापाशी उभे आहेत, शेंदूर लावलेले, काही तर देवी म्हणून पुजले जातात. एका अर्थी त्या शेंदरानंच ते वाचवले, नाहीतर रस्त्याच्या भरावात गेले असते. पण आज ऑइलपेंट मारतात, तो अक्षरांत भरून बसतो आणि काढताना दगडाचं कातडं घेऊन निघतो. शिवाय देवळाशी नेला की पाच-दहा वर्षांत "हा इथलाच" अशी कथा तयार होते. पंचनामा होऊन, सगळी नोंद झाल्यावर गावानं ठरवलं आणि संचालनालयानं लेखी मान्यता दिली, तर छपराखाली, रंग न लावता, खाली कुठून आणला याची पाटी लावून उभा करायला माझी हरकत नाही. संग्रहालयात गेला तरी वाईट नाही. पण पाटीवर "गोराई" एवढंच लिहून भागणार नाही, शेताचा नंबर हवा.

आजींशी वाद घालू नका. हे दगड बरेचदा पालथे सापडतात त्यामागे दगडाची गरज असते तशी भीती आणि लाजही असते. पोरीबाळींच्या नजरेला नको म्हणून, शाप नको म्हणून लोकांनी ते उलटे घातले. आजींना एवढंच सांगा की शाप सापडवणाऱ्याला नाही, दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्याला आहे. त्यांना नारळ द्यायचा असेल तर देऊ दे. फक्त तो शेजारच्या साध्या दगडावर फोडा. फूल चालेल, तेल-कुंकू नको.

आणि आजींकडून एक काम करून घ्या, ते माझ्या हातून होणार नाही. तुमच्या शेतांची नावं विचारा. सर्व्हे नंबर नाही, तोंडी नावं. कोणती पट्टी देवाची म्हणतात, कोणता तुकडा इनामाचा, कुठे नांगर घालताना आधी पाया पडायचे, कुठल्या बांधाशी चप्पल काढायचे. खाडीचं पाणी पूर्वी कुठवर यायचं. बांध यापूर्वी कोणाच्या वेळी बांधला आणि दगड कुठून आणले. त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, मधे मधे दुरुस्त करू नका. मग तहसील कार्यालयातून जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार काढा. देवस्थान किंवा इनाम असा शेरा कुठे दिसला तर दगडाचा मजकूर वाचण्याआधीच आपण अर्धी वाट चाललेलो असू.

कापणी झाल्यावरचे हे दोन-तीन आठवडे पाहणीला सगळ्यात चांगले. धसकटं उरलेली असतात, जमिनीला भेगा पडायला लागतात, गवत अजून वाढलेलं नसतं. घरच्यांनी एकदा सगळ्या बांधांवरून शांतपणे चालून या. गधेगळ दिसला म्हणजे आणखी काही असेलच असं नाही. पण गाय-वासराचा दगड, हात कोपरात वाकवलेला सतीचा दगड, तीन-चार पट्ट्यांत लढाई आणि वर शिवलिंग असलेला वीरगळ, एखादा क्रूस कोरलेला पोर्तुगीज काळचा दगड, काहीही निघू शकतं. दिसलं तर हलवू नका, फोटो आणि जागा एवढंच. शेजारच्या शेतात दिसलं तर आधी शेजाऱ्याला सांगा. या पट्ट्यात बांधावरून भांडणं आधीच पुरेशी आहेत.

पुढचं पीक थांबवायची गरज नाही. वाल पेरायचा असेल तर पेरा. फक्त दगडाभोवती तीन हात जागा सोडा आणि पॉवर टिलर त्या बांधाला टेकवू नका. सरकारी माणूस यायला वेळ लागेल, महिनासुद्धा लागेल. पंधरवड्यानं स्थळप्रत घेऊन वांद्र्याला स्वतः जा, फोनवर हे काम होत नाही. तोवर तिरप्या उजेडातले फोटो मला पाठवा, मधल्या पाच ओळींचे जवळून आणि वेगवेगळे. शकाचा आकडा बहुधा पहिल्या दोन ओळींत असतो, तिथे बॅटरी जरा जास्त वेळ धरा.